वादळात वीज जाते तेव्हा: विजेवरची गाडी घराला किती आणि कशी पुरते?

निरभ्र (धागाकर्ती)

गेल्या वादळात आमच्या घरी सलग ५२ तास वीज नव्हती. वडिलांना फुप्फुसाच्या विकारामुळे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र, चोवीस तास लावावा लागतो, त्यामुळे दिवे गेले की घरातल्या प्रत्येकाची नजर आधी त्या यंत्राकडे वळते. घरात इन्व्हर्टर आहे आणि त्याला १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवर क्षमतेची एक बॅटरी जोडलेली आहे. कागदावर तिच्यात १.८ युनिट वीज मावते. प्रत्यक्षात ३५० वॅट घेणारा कॉन्सन्ट्रेटर एकटाच चालू ठेवूनही चौथा तास संपता संपता इन्व्हर्टर सूचना देऊ लागला.

अंगणात विजेवरची गाडी उभी होती. तिच्या बॅटरीची वापरण्याजोगी क्षमता ४० युनिट आहे आणि वादळाचा इशारा मिळाल्यावर ती ९४ टक्के भरून ठेवली होती. चार्जिंगच्या तोंडात बसवून बाहेर साधे सॉकेट देणारा जो अडॅप्टर गाडीबरोबर आला होता, तो त्या रात्री पहिल्यांदा खोक्यातून बाहेर निघाला. खिडकीतून तार आत घेऊन आम्ही कॉन्सन्ट्रेटर, फ्रिज, दोन पंखे, काही दिवे आणि राउटर त्यावर चालवले. पुढचे ४८ तास गाडीने घर सांभाळले आणि वीज परत आली तेव्हा तिच्यात २१ टक्के शिल्लक होते.

हे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. पहिल्याच सकाळी मी टाकीत पाणी चढवण्यासाठी एक अश्वशक्तीचा पंप त्याच बोर्डावर लावला आणि त्याच क्षणी गाडीने पुरवठा तोडला. कॉन्सन्ट्रेटर बंद पडला, त्याचा भोंगा वाजू लागला, आणि भर पावसात गाडीपर्यंत जाऊन पुरवठा पुन्हा सुरू करेपर्यंत जी चार-पाच मिनिटे गेली ती मी विसरू शकत नाही. दुसरे असे की, तार रिळावरच गुंडाळलेली ठेवून मी फक्त लागेल तेवढी सोडली होती. संध्याकाळी रिळाला हात लावला तर ते चांगलेच तापले होते.

माझे प्रश्न दोन आहेत. बोर्डावरच्या छोट्या मीटरने ४८ तासांत २३.५ युनिट दाखवले, पण गाडीतले ७३ टक्के, म्हणजे सव्वाएकोणतीस युनिट खर्च झाले. मधले पावणेसहा युनिट कुठे गेले? आणि पुढच्या वेळी खिडकीतून तार न घेता घराच्या वायरिंगलाच गाडी जोडायची असेल तर ते कसे करावे? एका परिचिताने दोन्ही टोकांना प्लग असलेली तार करून ती कोणत्याही सॉकेटमध्ये घालावी, म्हणजे सगळे घर उजळते, असे सुचवले आहे. मला ते पटले नाही, पण का पटले नाही हे मला सांगता आले नाही.

जुना_लाइनमन

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतर कोणी देईल. दुसऱ्याचे मी आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही.

दोन्ही टोकांना प्लग असलेली तार कधीही करू नये, कोणाला करू देऊ नये, आणि कोणी केलेली दिसली तर ती कापून टाकावी. तिचे एक टोक गाडीच्या सॉकेटमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर पूर्ण २३० व्होल्ट असतात; अंधारात, ओल्या हाताने ती पिन धरणारा माणूस घरचाच असतो. दुसरी गोष्ट त्याहून दूरवर पोहोचते. मुख्य स्विच बंद करायला कोणी विसरले तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, रस्त्यावरच्या रोहित्रापर्यंत (ट्रान्सफॉर्मर) पोहोचते, आणि आपल्याकडे येताना जे रोहित्र हजारो व्होल्टचे २३० करते, तेच उलट्या दिशेने २३० चे हजारो व्होल्ट करते. मग ज्या वाहिनीला कोणी बंद समजून हात लावणार आहे, ती जिवंत असते. रस्त्यापलीकडच्या घरांचा भार एवढा असतो की गाडीचा पुरवठा क्षणात तुटेल, असे काही जण म्हणतात. बहुतेक वेळा तुटेलही. पण वादळात तार तुटून आपल्या घरापुरताच तुकडा वेगळा पडलेला असेल तर भार उरत नाही आणि पुरवठा तुटत नाही.

मी वाहिनीवर तीस वर्षे काम केले. वादळानंतरच्या एका सकाळी खांबावर चढलेल्या माझ्या सहकाऱ्याला अशाच एका घरातल्या जनरेटरच्या उलट्या विजेचा धक्का बसला. आम्ही वाहिनी तपासली होती आणि ती बंद होती. ती तपासल्यानंतर कोणीतरी जनरेटर सुरू केला. सहकारी वाचला, पण त्याचा उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही. तेव्हापासून वाहिनीची दोन्ही बाजूंनी जमिनीशी जोडणी केल्याशिवाय मी कोणालाही वर चढू दिले नाही. त्या घरातल्या माणसांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना आपला मुख्य स्विच बंद आहे असे वाटत होते.

म्हणून माणसाच्या आठवणीवर न विसंबता यंत्राच्या रचनेनेच दोन स्रोत एकमेकांना भेटणार नाहीत अशी व्यवस्था हवी. तिला चेंजओव्हर स्विच म्हणतात. त्याची मूठ एका बाजूला असली की घर वाहिनीवर, दुसऱ्या बाजूला असली की घर गाडीवर, आणि मधल्या स्थितीत दोन्हींपासून तुटलेले. दोन्ही एकाच वेळी जोडले जाणे शक्यच नसते. एकफेज घरासाठी तो दोन पोलचा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बदलणारा घ्यावा.

ध्रुवमत्स्य

पावणेसहा युनिटांचा हिशेब लागतो. गाडीच्या बॅटरीतली वीज एकदिश (डीसी) असते आणि व्होल्टेज काही शे व्होल्टचे असते. ती २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती (एसी) विजेत बदलताना साधारण दहावा हिस्सा उष्णतेत जातो. २३.५ युनिट मिळवण्यासाठी बॅटरीतून २६ च्या आसपास गेले असतील. उरलेले सुमारे तीन युनिट गाडीने स्वतःसाठी घेतले. पुरवठा चालू असेपर्यंत तिचे मुख्य कॉन्टॅक्टर (मोठी बॅटरी जोडणारे स्विच) मिटलेले राहतात, संगणक जागे राहतात, गाडीतली लहान १२ व्होल्टची बॅटरी भरली जाते, कधी शीतकरणाचा पंपही फिरतो. ४८ तासांत तीन युनिट म्हणजे सतत ६५ वॅट, आणि हा आकडा वाजवी आहे. काही गाड्यांत तो याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो.

याचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. आपला भार ५०० वॅट असेल तर ६५ वॅटचा हा खर्च कळतही नाही. पण रात्री फक्त राउटर आणि एक दिवा, म्हणजे २० वॅट चालवण्यासाठी गाडी जागी ठेवली तर दिलेल्या विजेच्या तिप्पट वीज ती स्वतःवर खर्च करते. लहान भारासाठी गाडी दोन-तीन तास चालू करून इन्व्हर्टरची बॅटरी भरून घ्यावी आणि गाडी झोपवावी.

निरभ्र (धागाकर्ती)

मग कॉन्सन्ट्रेटरही इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालवून गाडी अधूनमधूनच सुरू केली तर वाचेल का?

ध्रुवमत्स्य

नाही, आणि इथेच बहुतेकांची गणिते चुकतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीत भरलेल्या शंभरातले, तिचे स्वतःचे आणि इन्व्हर्टरचे नुकसान धरून, ६५ ते ७० परत मिळतात. ३५० वॅटचा भार त्या वाटेने नेला तर दीडशे वॅटच्या वर वाया जातील. गाडी जागी ठेवण्याचा खर्च त्याच्या निम्म्याहून कमी आहे. शिवाय मोठ्या प्रवाहाने उपसली तर अशी बॅटरी आपली लिहिलेली क्षमता देतच नाही. १५० अँपिअर-अवर हा आकडा वीस तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने उपसण्याचा असतो, आणि तुमचा कॉन्सन्ट्रेटर तिच्याकडून तीस-पस्तीस अँपिअर मागत होता. ती चार तासांत बसली यात तिचा दोष नाही.

तुम्हाला इन्व्हर्टरचा उपयोग वेगळ्या कारणासाठी आहे. गाडीचे सॉकेट इन्व्हर्टरच्या वाहिनीच्या बाजूला द्या आणि कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. गाडी चालू असताना इन्व्हर्टर तिलाच वाहिनी समजतो आणि तिची वीज बॅटरीतून न फिरवता थेट पुढे सोडतो. गाडीने पुरवठा तोडला तर तो काही मिलिसेकंदांत स्वतः भार उचलतो. तुमच्या त्या सकाळच्या चार-पाच मिनिटांत वडिलांचे यंत्र थांबलेच नसते. इन्व्हर्टर मात्र शुद्ध साइन तरंगाचा असावा, चौकोनी तरंगाचा नको. कॉन्सन्ट्रेटरचा कंप्रेसर चौकोनी तरंगावर तापतो.

विद्युल्लता

मी इमारतींचे वायरिंग करते. पंपाचे कारण आधी सांगते. एक अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण एक किलोवॅट घेते, परंतु सुरू होण्याच्या क्षणी तिचा प्रवाह पाच-सहा पटींनी वाढतो आणि पंचवीस-तीस अँपिअरपर्यंत जातो. गाडीच्या सॉकेटची मर्यादा सहसा ३.३ ते ३.६ किलोवॅट, म्हणजे १४ ते १६ अँपिअर असते. वाहिनी असा क्षणिक धक्का सहन करते, गाडीतले इलेक्ट्रॉनिक परिवर्तक स्वतःला वाचवण्यासाठी तो नाकारतात. पंप चालवायचाच असेल तर त्याला सुरुवातीचा प्रवाह आटोक्यात ठेवणारा सॉफ्ट स्टार्टर लावावा किंवा व्होल्टेज हळूहळू चढवणारा ड्राइव्ह असलेला पंप घ्यावा, आणि तो सुरू करताना बाकीचा भार उतरवावा. वादळाचा इशारा आला की टाकी आधीच भरून ठेवणे हा त्याहून सोपा उपाय आहे. फ्रिजचा कंप्रेसरही असाच उसळतो, पण तो लहान असल्यामुळे निभावतो.

तारेबद्दल: १५ अँपिअर सतत न्यायचे असतील तर तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची, तीन गाभ्यांची तार हवी. २० मीटर लांबीत तिच्यावर साडेपाच व्होल्टच्या आसपास घट होते, ती चालते. बाजारातल्या बऱ्याच रिळांवर १ किंवा १.५ ची तार असते, आणि गुंडाळलेल्या वेढ्यांतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. त्यामुळे तार कितीही जास्त झाली तरी पूर्ण उलगडूनच वापरावी. तुमचे रीळ तापले तेव्हा भार ५०० वॅटच्या आसपास असणार; तेवढ्या भारावर रीळ हाताला चांगले तापावे हे मला ठीक वाटत नाही. त्यातला एखादा सांधा किंवा प्लगची पिन सैल असावी. ते रीळ पुन्हा वापरू नये. घरात शिरण्यापूर्वी तारेला खिडकीखाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते आणि आत येत नाही. जोड जमिनीवर ठेवू नये.

आता जे फार कमी लोक पाहतात ते. आपल्या घरी येणाऱ्या वाहिनीचा न्यूट्रल पुरवठ्याच्या मुळाशी जमिनीला जोडलेला असतो. म्हणून एखाद्या यंत्राच्या धातूच्या अंगावर वीज उतरली आणि माणसाने हात लावला, तर गळालेला प्रवाह जमिनीतून परतण्याची वाट शोधतो, आरसीसीबीला (गळती ओळखणाऱ्या स्विचला) दोन तारांतला फरक जाणवतो आणि ती पुरवठा तोडते. अनेक गाड्यांच्या सॉकेटमध्ये मात्र दोन्ही तारा जमिनीपासून अलग, तरंगत्या असतात. साधा टेस्टर दोन्ही भोकांत मंद पेटतो तो यामुळेच. एकच यंत्र लावलेले असताना ही अलगता सुरक्षितच आहे, कारण पहिल्या बिघाडात प्रवाहाला परतीची वाट मिळत नाही. पण सगळे घर त्यावर टाकले की पहिला बिघाड कोणाच्याही लक्षात न येता पडून राहतो, आरसीसीबी पडत नाही, आणि दुसऱ्या यंत्रात दुसऱ्या तारेवर बिघाड झाला की दोन धातूंच्या अंगांमध्ये पूर्ण व्होल्टेज उभे राहते.

यावर न्यूट्रल स्वतःच जमिनीला जोडून टाकावा, असा सल्ला सरसकट दिला जातो. मी तो देत नाही. काही गाड्या आपल्या तारांची जमिनीपासूनची अलगता सतत तपासत असतात आणि अशी जोडणी दिसताच पुरवठा बंद करतात; काही गाड्यांत न्यूट्रल आधीच जोडलेला असतो. गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते वाचून, मीटरने मोजून आणि आरसीसीबीची चाचणी गाडीच्या पुरवठ्यावर घेऊनच काय करायचे ते ठरवावे. हे काम परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावे.

ओसरी

माझ्या गाडीत बाहेर वीज देण्याची सोयच नाही. चार्जरच्या तारेतून उलटी वीज घेता येईल का?

ध्रुवमत्स्य

येणार नाही. बहुतेक गाड्यांतला चार्जर एकाच दिशेने काम करतो आणि तारेत काही फेरफार केल्याने तो उलटा होत नाही. त्या मार्गाने प्रयोग करू नयेत. आतली उच्चदाबाची बॅटरी चुकीला माफी देत नाही.

तुम्हाला १२ व्होल्टची वाट मोकळी आहे, पण ती अरुंद आहे. जवळजवळ प्रत्येक विजेवरच्या गाडीत दिवे, काचा आणि संगणकांसाठी एक लहान १२ व्होल्टची बॅटरी असते आणि गाडी चालू स्थितीत असताना मोठी बॅटरी एका परिवर्तकातून तिला भरत राहते. गाडी चालू स्थितीत ठेवून त्या लहान बॅटरीच्या टोकांना, जवळच फ्यूज घालून, ३०० वॅटचा शुद्ध साइन तरंगाचा इन्व्हर्टर जोडला तर तीसेक अँपिअर जातात आणि दिवे, राउटर, फोन, एखादा पंखा निवांत चालतो. डॅशबोर्डवरच्या सॉकेटमधून एवढे घेऊ नये, ते सहसा १२० वॅटच्या आसपास थकते. एक हजार वॅटचा इन्व्हर्टर लावण्याचा मोह टाळावा. तो शंभर अँपिअर मागेल आणि तेवढे देण्याची त्या तारांची व परिवर्तकाची तयारी आहे असे गृहीत धरता येत नाही. गाडी बंद ठेवून हे करू नये, लहान बॅटरी थोड्याच वेळात बसते आणि मग मोठ्या बॅटरीत वीज असूनही गाडी जागी होत नाही. काही गाड्या काही वेळ कोणी हालचाल केली नाही तर आपोआप झोपी जातात, तेही आधी तपासून ठेवावे. हमीच्या अटीही वाचाव्यात.

दीपमाळ

घराला गाडी जोडण्याची कल्पना एका आपत्तीतूनच व्यवहारात आली, म्हणून थोडे लिहिते. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा शुद्धीकरण कारखाने आणि बंदरे बंद पडल्यामुळे पेट्रोल मिळेना, पण बऱ्याच भागांत वीज त्याआधी परत आली. मदतकार्यासाठी दिलेल्या विजेवरच्या गाड्या त्यामुळे धावू शकल्या, आणि या चालत्या बॅटरीतून घराला वीज का घेऊ नये, हा विचार तिथे जोर धरू लागला. २०१२ साली निसानने निचिकॉन कंपनीचे यंत्र वापरून लीफ गाडीतून घराला ६ किलोवॅटपर्यंत वीज देणारी व्यवस्था बाजारात आणली. त्या वेळच्या लीफमध्ये २४ युनिट मावत आणि जपानी घराला ती साधारण दोन दिवस पुरेल असे सांगितले जात होते. त्याच वर्षी मित्सुबिशीने आय-मीव्ह गाडीसाठी १५०० वॅट देणारी छोटी पेटी आणली. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये फॅक्साई वादळाने चिबा प्रांतातल्या लाखो घरांची वीज घालवली आणि काही ठिकाणी ती परत यायला दोन आठवडे लागले, तेव्हा मोटार कंपन्यांनी मदतीसाठी विजेवरच्या गाड्या पाठवल्या आणि त्यांच्यावर पंखे, फ्रिज आणि फोन चालवले गेले.

जपानमध्ये हे आधी घडू शकले याचे तांत्रिक कारणही आहे. तिथल्या चाडेमो पद्धतीच्या चार्जिंगमध्ये वीज दोन्ही दिशांनी नेण्याची सोय लवकर झाली. सीसीएस या चार्जिंगच्या दुसऱ्या पद्धतीसाठी द्विदिश देवाणघेवाणीचे नियम ज्या मानकात आले, ते आयएसओ १५११८-२० हे मानक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

विद्युल्लता

दीपमाळ यांच्या माहितीला जोडून सांगते, म्हणजे निरभ्र यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होईल. गाडीतून घर चालवण्याचे दोन प्रकार आहेत आणि बोलताना त्यांची गल्लत होते. पहिल्यात गाडी फक्त एक सॉकेट देते, वीज गाडीतच प्रत्यावर्ती होऊन बाहेर येते आणि पुढचे आपण पाहायचे असते. दुसऱ्यात भिंतीवर एक द्विदिश यंत्र आणि घराला वाहिनीपासून आपोआप तोडणारा स्विच असतो. वीज गेली की तो आधी घर वेगळे करतो आणि मगच गाडीची वीज आत घेतो. फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग ट्रक अशा व्यवस्थेतून ९.६ किलोवॅटपर्यंत देतो, म्हणजे मध्यम घर कोणतीही निवड न करता चालू शकते. पण असे यंत्र आणि गाडी एकमेकांना ओळखणारी असावी लागतात. कोणतेही यंत्र कोणत्याही गाडीला चालेल असे आजही नाही.

माझे मत असे की, ज्यांच्या गाडीत सॉकेटची सोय आहे त्यांनी सगळ्या घराच्या मागे लागू नये. चार-पाच अत्यावश्यक सॉकेटांचे वेगळे सर्किट काढावे, त्याला स्वतःचा छोटा चेंजओव्हर, एमसीबी आणि आरसीसीबी द्यावी, आणि बाहेरच्या भिंतीवर गाडीची तार आत घेणारा पुरुष-पिनांचा झाकणबंद इनलेट बसवावा. एअर कंडिशनर, गीझर आणि पंप त्या सर्किटवर नसले की रात्री झोपेत कोणी चुकीचे बटण दाबले तरी काही बिघडत नाही.

हिरवळ

आमच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत. दिवसा त्यांनी गाडी भरावी आणि रात्री गाडीने घर चालवावे, असे वादळात करता येईल का?

ध्रुवमत्स्य

वाहिनीला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज जाताच स्वतःहून बंद होतो. जुना_लाइनमन यांनी सांगितलेला धोका टाळण्यासाठीच तशी रचना असते. तो जागा राहावा म्हणून त्याला गाडीची वीज दाखवू नका. तो गाडीलाच वाहिनी समजेल, उरलेली सौर वीज तिच्याकडे ढकलेल, आणि बाहेर वीज देण्यासाठी बनलेल्या सॉकेटमधून आत येणारी वीज सोसण्याची सोय गाडीत नसते. स्वतःची बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर असेल आणि त्याला जनरेटरसाठी वेगळे टोक असेल, तर तिथे गाडी जोडून त्याची बॅटरी भरता येते. मात्र त्या टोकातून वीज बाहेर जात नाही याची खात्री पुस्तिकेतून करून घ्यावी. तसेही वादळी ढगांखाली पॅनेलकडून फारशी आशा ठेवू नये.

शुश्रूषा

मी घरी राहणाऱ्या श्वसनरुग्णांची देखभाल करते. धागाकर्तीने सांगितलेली ती चार-पाच मिनिटे वाचून राहवले नाही. कृपया एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, रेग्युलेटर जोडून, पलंगाशेजारी ठेवा. १५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला २ लिटर या गतीने साडेबारा तास चालतो आणि त्याला कोणतीही वीज लागत नाही. गाडी, इन्व्हर्टर आणि तार हे सगळे नीट असले तरी यंत्रच बिघडू शकते. वीज वाचवण्यासाठी ऑक्सिजनचा प्रवाह कमी करू नका. डॉक्टरांनी ठरवून दिलेला आकडा बदलायचा नाही, आणि घरगुती कॉन्सन्ट्रेटरचा कंप्रेसर प्रवाह कमी केला तरी जवळपास तेवढाच चालतो, त्यामुळे त्यातून वाचतही काही नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी जनरेटरपेक्षा गाडीचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. वादळानंतर बंद खोलीत किंवा खिडकीजवळ चालवलेल्या जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसे मारतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला तो उठवत नाही. गाडीतून धूर येत नाही.

जुना_लाइनमन

गाडी कुठे उभी करायची, हेही ठरवून ठेवा. घराजवळची जागा सखल असेल तर वीज मिळण्याच्या मोहाने गाडी तिथे ठेवू नका. पुराचे, विशेषतः समुद्राचे पाणी बॅटरीत शिरले तर आतले क्षार सुकल्यावरही वीज वाहून नेतात आणि शॉर्ट होऊन आग लागू शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही गाड्या पाणी ओसरल्यानंतर काही दिवसांनी, काही तर आठवड्यांनी पेटल्या होत्या. बुडालेली गाडी सुरू करू नये, चार्ज करू नये, तिच्यातून वीज घेऊ नये, आणि ती घरापासून पंधरा मीटर तरी दूर न्यावी.

ओसरी

बॅटरी लवकर झिजेल, ही भीती घरात सगळ्यांना आहे.

ध्रुवमत्स्य

अर्धा किलोवॅट हा तिच्यासाठी फारच हलका भार आहे. रस्त्यावर ती याच्या कित्येक पटींनी देत असते. निरभ्र यांच्या संपूर्ण वादळाने एक पूर्ण चक्रही झाले नाही, जे गाडी दोनशे-तीनशे किलोमीटर चालवली तरी होते. झीज होते ती १०० टक्के भरून उन्हात आठवडेच्या आठवडे उभी ठेवल्याने. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीला एरवी ८० टक्क्यांवर ठेवावे आणि इशारा आला की पूर्ण भरावे.

निरभ्र (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी परत लिहिते आहे, कारण काम पूर्ण होऊन चाचणी झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

वेगळे सर्किट निघाले: वडिलांच्या खोलीत दोन सॉकेट, फ्रिज, राउटर, आणि पंखे-दिव्यांचा एक बिंदू. दोन पोलचा चेंजओव्हर बसवला, बाहेरच्या भिंतीवर झाकणबंद इनलेट बसवला आणि कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरच्या मागे घेतला. वायरिंग करणाऱ्यांनी गाडीच्या पुरवठ्यावर आरसीसीबी तपासली तेव्हा ती खरोखरच पडली नाही. पुस्तिका वाचून त्यांनी आमच्या गाडीला चालेल अशी जोडणी केली आणि मग ती प्रत्येक वेळी पडली. हे वादळाच्या रात्री आम्हाला कधीच कळले नसते.

गेल्या रविवारी, आकाश स्वच्छ असताना, आम्ही सकाळी सात वाजता मुख्य स्विच खाली केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत वर केला नाही. सिलिंडर पलंगाशेजारी होता. दुपारी मी मुद्दाम गाडीचा पुरवठा तीन वेळा तोडला. तिन्ही वेळा कॉन्सन्ट्रेटर चालूच राहिला आणि वडील वर्तमानपत्र वाचत राहिले. चोवीस तासांत गाडीतले ३७ टक्के गेले. रुग्णालय जाऊन-येऊन साठ किलोमीटर आहे, पावसात शंभर किलोमीटरला १८ युनिट धरले तर अकरा युनिट, म्हणजे २७ टक्के लागतात, त्यामुळे गाडीने पुरवठा थांबवण्याची मर्यादा २० वरून ३५ टक्क्यांवर आणली आहे. पूर्ण भरलेल्या गाडीवर एवढ्या भाराने साधारण ४२ तास निघतील. त्याआधी वीज आली नाही तर वडिलांना सिलिंडरसह गाडीतून हलवायचे, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

जुना_लाइनमन

उत्तम काम झाले आहे. एकच राहिले. मीटरच्या पेटीवर, बाहेरून दिसेल अशी पाटी लावा की या घरात दुसरा वीजस्रोत आहे आणि चेंजओव्हर कुठे आहे. वादळानंतर तुमच्या दारातल्या खांबावर चढणाऱ्याला ती आधी दिसली पाहिजे.

निरभ्र (धागाकर्ती)

पाटी आज सकाळी लावली. लाल अक्षरांत आहे, आणि चेंजओव्हरची जागा बाण काढून दाखवली आहे.